एकशे सत्तेचाळीस नंबरची गोळी

चिमटेमास्तर शिडीवरून पडले तेव्हा त्यांनी डावा हात उंच धरला होता. त्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत घुबडांनी ओकलेल्या एकतीस गोळ्या. खाली येता येता त्यांच्या मनात एवढंच आलं, की यातली एकही फुटता कामा नये. पिशवी वाचली. उजवं मनगट मोडलं.

"हात मोडलाय, आणि तुम्ही हसताय कसले?" प्लास्टर ओलं असतानाच बायकोनं विचारलं.

"एकही फुटली नाही."

"काय फुटली नाही?"

"गोळी."

बायकोनं डॉक्टरांकडे बघितलं. "डोक्याचाही फोटो काढता का?"

मास्तर संग्रहालयाच्या प्राणिविभागात मदतनीस होते. तिथे त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. शर्टाच्या खिशात कायम एक बारीक टोकाचा चिमटा असायचा, लग्नाला जातानासुद्धा. त्यावरून झाले चिमटेमास्तर. काम एकच, तीस वर्षं. घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं पचत नाहीत. मग काही तासांनी ते सगळं अंगठ्याएवढी गोळी करून ओकून टाकतं. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धान्यकोठाराच्या माळ्यावर घुबडांची जोडी राहायची. त्यांच्या तुळईखाली पडलेल्या गोळ्या मास्तर गोळा करायचे, उकलायचे, आतली हाडं निवडायचे आणि सांगायचे, की घुबडांनी काय खाल्लं. तेही फक्त थंडीत. शेतं मोकळी झालेली, टोळ-किडे संपलेले, अशा दिवसांत हे पक्षी जगतात कशावर, हा संग्रहालयाचा जुना प्रश्न होता. दर वर्षी त्याचा एक अहवाल निघायचा.

अहवालाच्या पहिल्या पानावरची नावं बदलत गेली. आधी मोठे साहेब, मग धाकटे साहेब, आता मॅडम. पण शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत एक ओळ असायची: 'हाडांची निवड व मोजणी' आणि पुढे मास्तरांचं नाव. ती ओळ तीस वर्षांत बदलली नव्हती. निवृत्तीला दोन थंड्या उरल्या होत्या, म्हणजे ती ओळ अजून दोनदा छापून येणार होती. मास्तरांनी आयुष्यात दुसरं फार काही मागितलं नव्हतं. ही एक ओळ मात्र त्यांची होती.

आणि आता हात सहा आठवडे गळ्यात.

मॅडम घरी बघायला आल्या. मास्तरांहून वीस वर्षांनी लहान, पण साध्या खुर्चीत बसल्या तरी ती साहेबाची खुर्ची वाटावी अशा. खुर्ची रिकामी करायला आधी तिच्यावरचा कपड्यांचा ढीग हलवावा लागला: कमरेत सैल करायच्या पँटी, चेन बदलायची जॅकेटं. मास्तरांची बायको घरीच शिवणकाम करायची, दुरुस्तीचं.

"कॉलेजचा एखादा विद्यार्थी लावते कामाला," मॅडम म्हणाल्या. "थंडी काही थांबणार नाही आपल्यासाठी."

मास्तर ताठ बसले. विद्यार्थी! म्हणजे शेवटच्या पानावर त्याचं नाव. "छे छे! तो चिचुंद्री आणि उंदीर एका बशीत टाकेल. त्यापेक्षा, मॅडम, डबे इकडे पाठवा. मी सांगेन, ही करेल. हात तिचे, डोकं माझं."

"मला विचारलंत?" स्वयंपाकघरातून आवाज आला. या बाईनं लग्न झाल्यापासून एकही गोळी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. नवऱ्याचे कामाचे कपडेही ती वेगळे धुवायची.

"काकू, माझ्या कोटाचं अस्तर तुम्हीच लावलंत ना?" मॅडम म्हणाल्या. "तीन वर्षं झाली, एक टाका सुटला नाही. गोळ्या भट्टीत तापवून, जंतू मारून पाठवते. वास नाही, काही नाही."

अस्तराचं नाव काढल्यावर काकू विरघळल्या. "बघते," त्या म्हणाल्या. त्यांच्या भाषेत याचा अर्थ 'हो' असा होतो, हे मास्तरांना माहीत होतं. पुढचं काहीच माहीत नव्हतं.

*

पहिल्या दिवशी मास्तरांसारखा सुखी माणूस नव्हता. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली. टवके उडालेल्या पाच बश्या मांडल्या, कारण चांगल्या बश्या द्यायला काकूंनी साफ नकार दिला होता. मास्तर उशीला टेकून बसले, प्लास्टर मांडीवर, आणि डाव्या हाताच्या बोटानं राज्य करू लागले.

"आधी केस बाजूला. हळू. हां. आता कवटी दिसतेय ना?"

"फुटलीय."

"फुटतेच बहुतेक वेळा. म्हणून आपण खालचे जबडे मोजतो. डावे एका बशीत, उजवे दुसऱ्या. एक डावा, एक उजवा, म्हणजे एक उंदीर. चिमट्यानं धर."

"चिमट्यानं मोडेल."

"तीस वर्षं चिमट्यानंच—"

कट्. जबडा मोडला.

"मी म्हटलं होतं," काकू म्हणाल्या, आणि उठून त्यांनी सुयांची पुडी आणली. नऊ नंबरची सुई. तिच्या टोकानं त्या केसांच्या गुंत्यातून हाड असं सोडवायच्या, जसं काजातला चुकीचा टाका उसवावा.

एकेका गोळीतली हाडं त्या बटरपेपरच्या पाकिटात घालायच्या, वर नंबर टाकायच्या आणि पाकिटाची कड चक्क शिवायच्या.

"स्टेपलर आहे की," मास्तर म्हणाले.

"पिन गंजते. शिवलेलं राहतं."

पहिल्या दिवशी काकूंनी बेचाळीस प्रश्न विचारले. मास्तरांनी बेचाळीस उत्तरं दिली, आणि काहींची तर दोन-दोनदा दिली. दुसऱ्या दिवशी प्रश्न वीसवर आले. पाचव्या दिवशी सहा. आठव्या दिवशी काकू ओठांत टाचणी धरून बसल्या त्या बसल्या. एक गोळी झाली, दुसरी झाली. मास्तर टेकून वाट बघत होते, आता विचारेल, आता अडेल. त्यांनी दोनदा खाकरून पाहिलं.

"घसा धरलाय का?" काकूंनी टाचणीच्या बाजूनं विचारलं.

"नाही. काही अडलं तर विचार."

"अडलं तर विचारीन."

अडलं नाही. मास्तरांच्या छातीत काहीतरी बारीक टोचायला लागलं ते त्या दिवसापासून.

दहाव्या दिवशी काकू एकदम म्हणाल्या, "अहो, हे दोन एकाचे नाहीत."

"कोणते?"

"हा डावा आणि हा उजवा."

"एक डावा, एक उजवा. एक उंदीर. लिही एक."

"बघा तरी आधी. ह्या डाव्याचे दात झिजून पार सपाट झालेत. आणि ह्या उजव्याचे दात बघा, कशी धार आहे! एकाच तोंडात अर्धा म्हातारा, अर्धा पोरगा? एक बाही जुन्या शर्टाची आणि एक नव्या शर्टाची समोर ठेवली, तर मी एक शर्ट मोजीन का? दोन शर्ट आहेत. दोन उंदीर."

मास्तरांनी भिंग घेतलं, डाव्या हातानं, वेडंवाकडं. बराच वेळ बघितलं. मग भिंग खाली ठेवलं.

"तीस वर्षं आम्ही असंच मोजत आलोय."

"मग तीस वर्षं कमी मोजलंय," काकू म्हणाल्या. आवाजात कुजकेपणा नव्हता. कपड्याचं माप चुकलंय हे गिऱ्हाइकाला सांगतात तसं त्यांनी सांगितलं. कुजकेपणा असता तर मास्तरांना भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. काकूंनी बाह्यांची गोष्ट सांगितली. फोनमधून मॅडमचा आवाज खोलीभर पसरला. "काकू! अहो, हे आमच्या कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? जुने सगळे नमुने परत बघायला हवेत! मास्तर, ऐकताय ना?"

"ऐकतोय," मास्तर म्हणाले.

जुने सगळे. म्हणजे त्यांच्या तीस थंड्या कुणीतरी उलट्या करून शिवण तपासणार. आणि कुणीतरी म्हणजे ही, हे टेबलापलीकडे बसलेलं, ओठांत टाचणी धरलेलं माणूस.

*

त्यानंतर मास्तरांचा नुसता जळफळाट. उघड बोलायची सोय नव्हती, कारण बोलणार काय? बायको काम चांगलं करते म्हणून? मग तो बारीकसारीक गोष्टींतून बाहेर यायला लागला. उजेडात खुर्ची आडवी ठेवायची. भिंग उशीखाली सरकवायचं आणि "मला काय माहीत?" म्हणायचं. चहा गार आहे, सुई गंजलीय, बश्या पुसल्या नाहीत. काकू भिंगाशिवायच काम करायच्या, हे तर आणखीच वाईट.

मॅडमचे फोन आता "मास्तर, हात कसा आहे?" पासून सुरू होत आणि तीन शब्दांत "काकू आहेत का?" वर येत. एक दिवस संग्रहालयाचा ड्रायव्हर नव्या गोळ्यांचा डबा घेऊन आला. मास्तरांनी दारातच डावा हात पुढे केला. ड्रायव्हरनं डबा छातीशी धरला.

"काकूंच्या हातात द्यायला सांगितलंय."

"अरे, मी कोण आहे?"

"तुम्ही मास्तर," ड्रायव्हर अदबीनं म्हणाला, आणि त्यांच्या बाजूनं आत गेला.

त्या दुपारी मास्तर टेबलाशी बसून, जरा मोठ्यानंच, म्हणाले, "मादीनं परवा चार खाल्लेत. नर तीनवरच आहे. थंडी वाढली की तिला जास्त लागतं. हे असं नुसत्या गोळीच्या आकारावरून ओळखता यायला वर्षं जावी लागतात."

काकूंनी टाचणी ओठांतून काढली. हे क्वचित व्हायचं.

"घुबडांचं जेवण तुम्हाला उंदरागणिक पाठ आहे. तुमच्या बायकोनं आज काय खाल्लं, सांगा बघू."

"म्हणजे काय? मी जे खाल्लं तेच."

"तुम्ही एक वाजता जेवलात. आता तीन वाजलेत. मी अजून खाल्लेलं नाही."

टाचणी परत ओठांत गेली. मास्तरांना राग आला. कारण निरीक्षण करणं हे त्यांचं काम होतं, आणि त्यातही ती वरचढ निघाली होती.

*

कपाटाच्या वरच्या खणात एक काड्यापेटी होती. तिच्यात कापसावर एक जबडा होता, नखाएवढा. वटवाघळाचा. मास्तरांना तो दुसऱ्याच थंडीत सापडला होता, कोठाराच्या फरशीवर, सुटा. केवढ्या आनंदानं ते तो घेऊन मोठ्या साहेबांकडे गेले होते! घुबडानं थंडीत वटवाघूळ खाल्लं, हे त्या कोठारात कुणी कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी जबडा बघितला आणि परत दिला. "फरशीवरच्या हाडाला साक्ष देता येत नाही. गोळीतून निघू दे, मग मोजू." तेव्हापासून मास्तर वाट बघत होते. गोळीतून वटवाघूळ काही निघालं नाही. काड्यापेटी तेवढी दोनदा बदलली.

शुक्रवारी दुपारी काकू बाहेरच्या खोलीत एका गिऱ्हाइकाच्या जॅकेटाचं माप घेत होत्या. टेबलावर एकशे सत्तेचाळीस नंबरची गोळी अर्धी उकललेली होती. मास्तर कपाटापाशी गेले. मनात सगळं ठरलं होतं. वटवाघळाचे आणि चिचुंद्रीचे मागचे दात सारखेच टोकेरी दिसतात. नवखा माणूस हमखास चकतो. ती तो जबडा चिचुंद्रीच्या बशीत टाकणार. उद्या मॅडम येणार. मास्तर बशीवर वाकणार आणि अगदी सहज म्हणणार, "हे काय, अगं? हे वटवाघळाचं दिसतंय." मग मॅडमना कळणार, की डोकं कुणाचं आहे.

डाव्या हातातल्या चिमट्यानं त्यांनी जबडा केसांच्या गुंत्यात सोडला. तीस वर्षं त्यांनी गोळीतून हाडं काढली होती. गोळीत घातली नव्हती.

शनिवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. एका हातानं बटणं लावायला वीस मिनिटं गेली, पण लावली. मॅडम आल्या, बसल्या, बश्या बघू लागल्या. मास्तर चिचुंद्रीच्या बशीवर वाकले.

तिथे नव्हता. उंदरांच्या बशीतही नव्हता.

"ह्या सहाव्या बशीत काय आहे, काकू?" मॅडमनी विचारलं. सहावी बशी चांगल्यांतली होती, टवका नसलेली.

"ते मला वेगळं वाटलं," काकू म्हणाल्या. "मागचे दात चिचुंद्रीसारखे आहेत. पण चिचुंद्रीचा पुढचा दात आकड्यासारखा आडवा पुढे येतो. ह्याला पुढे आकडा नाही, उभा सुळा आहे. म्हणून बाजूला ठेवलं."

मॅडमनी भिंग डोळ्याला लावलं. मग काढलं, पुसलं, परत लावलं.

"काकू, हे वटवाघूळ आहे."

"असेल."

"असेल काय! थंडीत! तीस वर्षांत पहिल्यांदा! मास्तर, अहो, बघा ना, तुमच्या घरात, तुमच्या जेवणाच्या टेबलावर!"

मास्तरांनी बघितलं. जबडा चांगल्या बशीत कसा शोभून दिसत होता.

"बुधवारी कॅमेरा घेऊन येते," मॅडम जायला उठल्या. "हे पहिल्या पानावर जाणार, काकू. तुमच्या नावासकट. पहिल्या पानावर!"

पहिल्या पानावर. मास्तर तीस वर्षं शेवटच्या पानावर होते, तेही तळाशी.

*

रविवार ते बुधवार मास्तरांना घास गिळवेना. आपण तिच्यासाठी खड्डा खणला आणि त्यातून तिला हिरा सापडला! आपलाच हिरा. ज्याची वाट बघण्यात केस पांढरे झाले, ते वटवाघूळ आपण आपल्या हातानं तिच्या पदरात टाकलं. सांगावं तर अब्रू जाते. न सांगावं तर वटवाघूळ जातं. आणि अहवालात खोटं छापून येतं ते वेगळंच. पण खरं सांगायचं तर त्यांना सर्वांत आधी आठवायचं ते वटवाघूळच.

"तोंड का पडलंय?" काकूंनी सोमवारी विचारलं.

"हात दुखतो."

"कुठला?"

"दोन्ही."

मंगळवारी त्या सुई-दोरा घेऊन बसल्या. "एकशे सत्तेचाळीसचं पाकीट शिवून टाकू का?"

"शिव की. मला काय विचारतेस?"

काकूंनी सुई परत पुडीत खोचली. "राहू दे," त्या म्हणाल्या. "फोटो निघायचाय ना."

बुधवारी अकरा वाजता मॅडम आल्या. खिडकीशी पांढरं कापड अंथरलं. काकूंनी केस नीट केले होते, हे मास्तरांनी टिपलं. आपल्यासाठी तिनं शेवटचे केस कधी नीट केले होते, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला.

"तळहातावर घ्या, काकू. असं. जरा उजेडाकडे. वा! खाली ओळ टाकू: 'गोळी क्रमांक एकशे सत्तेचाळीस, निवड...' आणि तुमचं नाव—"

"ते वटवाघूळ माझं आहे!"

मास्तर उभे राहिले होते. आवाज आपलाच आहे हे त्यांना उशिरा कळलं.

"म्हणजे?" मॅडमनी कॅमेरा खाली घेतला.

"माझं आहे. मला सापडलंय. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, फरशीवर. काड्यापेटीत होतं. मी... मी ते गोळीत घातलं. शुक्रवारी."

"का?"

"ही चुकावी म्हणून."

मॅडमनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. तो बारीकसा टक् आवाज मास्तरांना मनगट मोडल्याच्या आवाजापेक्षा मोठा वाटला.

"आणखी कशात काय घातलंत?"

"कशातच नाही. शपथ."

"मी शपथ खरी कशी मानू?" मॅडमचा आवाज चढला नव्हता. "मास्तर, तुम्हीच मला शिकवलंत. एक हाड बाहेरचं निघालं की त्या डब्यातल्या कुठल्याच हाडावर विश्वास ठेवायचा नाही. या घरात निवडलेल्या सगळ्या गोळ्या मला फेकाव्या लागतील. अख्खी थंडी. काकूंचे पाच आठवडे."

मास्तरांनी काकूंकडे बघितलं. हा हिशोब त्यांनी केलाच नव्हता. त्यांना तिला एकदा चुकवायचं होतं. पुसून टाकायचं नव्हतं.

काकूंनी जबडा अलगद बशीत ठेवला, आत गेल्या आणि बुटांची दोन खोकी घेऊन आल्या. आत पाकिटं होती, ओळीनं, नंबरवार.

"एकशे बासष्ट आहेत," त्या म्हणाल्या. "प्रत्येक त्याच दिवशी शिवलंय, टेबलावरून उठायच्या आत. उलटी टीप, शेवटी तीन गाठी, आणि तिसरी गाठ मी डावीकडून घेते. माझ्या आईची सवय. ह्यांना तर बटणसुद्धा शिवता येत नाही, त्यातून हात मोडलेला. एखादं उसवून परत शिवलेलं असेल तर कागदाला जुनी भोकं दिसतील. बघा."

मॅडमनी बघितली. एकूण एक, भिंगाखाली, उजेडाला धरून. दोन तास लागले. त्या वेळात मास्तर उभेच होते आणि कुणी त्यांना बस म्हणालं नाही. एकशे बासष्ट पाकिटांवर एकशे बासष्ट टिपा, एकीलाही दुसरं भोक नाही.

"आणि एकशे सत्तेचाळीस?" मॅडमनी शेवटी विचारलं.

"ते मी शिवलं नाही."

"का?"

"त्यात आमच्या घरातलं हाड होतं." काकू मास्तरांकडे न बघता बोलत होत्या. "कपाट मीच पुसते दर आठवड्याला. काड्यापेटीसुद्धा मीच बदललीय, दोन्ही वेळा. त्या सुळ्याचं टोक उडालेलं आहे, मला अंधारातही ओळखू येईल. आणि इतकं कोरडं, इतकं पांढरं हाड गोळीतून कधी निघतं का?"

"मग शनिवारीच का नाही सांगितलंत?"

"ह्यांनी सांगायचं होतं ते. चार दिवस दिले. तुमचा कॅमेरा वाजला असता तर मग माझं तोंड उघडलंच असतं."

मॅडमनी वहीत एकशे सत्तेचाळीसवर आडवी रेघ मारली. मग मास्तरांकडे वळल्या, आणि त्यांचा चेहरा रागीट नव्हता, ओशाळलेला होता, जणू चूक त्यांनीच केली होती.

"मास्तर, या वर्षी शेवटच्या पानावर तुमचं नाव नाही टाकता येणार मला."

"नाही," मास्तर म्हणाले. "बरोबर आहे."

*

मॅडम गेल्यावर काकूंनी टेबल आवरलं. जबडा काड्यापेटीत, काड्यापेटी कपाटात. चांगली बशी धुऊन जागेवर.

"एवढी वर्षं वाट बघितलीत त्याची," त्या पाठमोऱ्या म्हणाल्या. "आणि मला देऊन टाकलंत?"

"द्यायचं नव्हतं. तू चुकायला हवी होतीस."

"आणि मी चुकले नाही."

"नाही."

"त्याचाच राग."

"त्याचाच."

काकू वळल्या. त्यांच्या ओठांत टाचणी नव्हती, आणि ओठ हसायचं थांबवत होते.

"चार दिवस जेवला नाहीत. मी बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यापायी तुमचं जेवण पहिल्यांदा गेलं. एरवी ते त्या दोन पक्ष्यांपायी जायचं. कोठाराकडे सायकल वळली की मला वाटायचं, त्या तुळईवर जाऊन मीच बसावं. मग तरी बघाल."

मास्तर उशी झटकत राहिले, एका हातानं.

पुढे प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, चिमटा धरला की कापायचा. थंडी संपली, दोनशे एकोणचाळीस गोळ्या झाल्या, अहवाल छापून आला. मास्तरांनी पहिली पानं उघडलीच नाहीत. शेवटचं पान, तळाशी. 'हाडांची निवड व मोजणी', आणि पुढे बायकोचं नाव. त्यांनी ते सहा वेळा वाचलं.

"काय बघताय एवढं?"

"शुद्धलेखन."

"मग?"

"बरोबर आहे." थोड्या वेळानं ते म्हणाले, "आडनाव तरी माझंच आहे."

"तेवढं राहू दे तुम्हाला," काकू म्हणाल्या.

पुढच्या थंडीचा पहिला डबा आला तेव्हा ड्रायव्हरनं तो टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवला. मॅडमची चिठ्ठी होती: काकूंनी शिवायचं, मास्तरांनी उकललं तर चालेल, पण काकूंच्या समोर. ही मास्तरांची शेवटची थंडी. ते खुर्ची ओढून बसले. खिशातला चिमटा काढला, मग परत ठेवला आणि सुई मागितली. एक गोळी त्यांची, एक काकूंची, असं ठरलं; पहिली त्यांनी उकलली. पाऊण तास लागला.

"तीन," ते म्हणाले.

काकूंची टाचणी ओठांत, नजर बशीवर. मास्तरांना ती नजर नको होती. त्यांनी जबडे परत लावून बघितले, डाव्याशी उजवा, झिजलेल्याशी झिजलेला. एक उजवा उरला. त्याला जोडीदारच नव्हता.

"चार," ते म्हणाले आणि वहीत चार लिहिले. अक्षर जरा जास्तच दाबून उमटलं. मग घड्याळाकडे बघितलं. अडीच. "तू जेवलीस का?"

काकूंनी टाचणी काढली. "नाही."

"मग जेवून घे आधी. हे कुठे पळून जात नाहीत."

काकू उठल्या, आत गेल्या. ताटाचा आवाज आला. पहिला घास तोंडात गेला असेल, असा अंदाज घेऊन मास्तरांनी डब्यातून दुसरी गोळी उचलली. ती यायच्या आत एक पुढे गेलो तर बरं. सुई उजव्या हातात धरली, कापणाऱ्या मनगटाला डाव्या हाताचा आधार दिला आणि केस बाजूला करायला लागले.

"अहो," आतून आवाज आला, भरल्या तोंडाचा, "माझी गोळी ठेवा खाली!"